पुण्यातले ‘सिमला ऑफिस’ : रोजच्या हवामानाचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
पुण्यात शिवाजीनगर भागात ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा आहे. आसपास देवदार नाहीत, बर्फ तर नाहीच. तरीही जुने पुणेकर रिक्षावाल्याला हेच नाव सांगतात. हिमालयातले गाव मुठेकाठी कसे येऊन बसले, याचे उत्तर शोधताना कलकत्त्याचे एक वादळ, ओडिशा व दख्खन येथील दोन दुष्काळ आणि थेट पॅसिफिक महासागर असा फेरा घालावा लागतो. हा धागा त्या फेऱ्याचा.

२/
“कोकण-गोव्यात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडला.” हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ऐकता ऐकता विसरत आलो. मात्र हे एक वाक्य तयार होण्यासाठी शेकडो ठिकाणच्या माणसांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने, एकसारख्या उपकरणांवर आकडे वाचावे लागतात. एवढी शिस्त या विस्तीर्ण उष्ण प्रदेशात आपोआप आली नाही. तिची किंमत आधी मोजली गेली होती.

३/
५ ऑक्टोबर १८६४. बंगालच्या उपसागरातून आलेले चक्रीवादळ हुगळीच्या मुखातून कलकत्त्यावर चालून गेले. वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक बळी घेतले. वादळाने ढकललेली समुद्राची लाट नदीतून वर चढली आणि खेजुरी, हिजली या नदीमुखाकडील भागांवरून गेली. मृतांची संख्या ५० ते ६० हजारांच्या घरात धरली जाते. त्यानंतरच्या रोगराईत आणखी हजारो माणसे गेली. बंदरातील जहाजे दोरखंड तुटून एकमेकांवर आदळली.

४/
यातील दुखरी बाब वेगळीच आहे. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला तो कलकत्त्यानेच. तेथील हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात तो प्रथम रूढ केला. तारयंत्रही नवे नव्हते. देशातील प्रायोगिक तारमार्ग १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर असाच टाकला होता. म्हणजे वादळाला नाव होते आणि निरोप धाडायला तारही होती. निरोप काय धाडायचा, हे ठरवणारी व्यवस्था मात्र नव्हती.

५/
या वादळाची चौकशी गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड या दोघांनी केली. जहाजांच्या रोजनिशा आणि किनाऱ्यावरील नोंदी जुळवून त्यांनी वादळाचा मार्ग कागदावर उतरवला. लोक मेल्यानंतर का होईना, वादळ कोठून आले आणि कसे वळले हे दिसू लागले. १८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. देशातील अशी ही पहिलीच व्यवस्था. ब्लॅनफर्ड हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

६/
वादळ एका दिवसात मारते, अवर्षण वर्षभर मारत राहते. १८६५ साली ओडिशात पावसाने लवकर पाठ फिरवली आणि भात करपले. टंचाईची चिन्हे दिसत असूनही सरकार ढिम्म राहिले. धान्य पाठवायचे ठरले तेव्हा १८६६ चा मोसमी पाऊस सुरू झाला होता. खवळलेल्या समुद्रामुळे जहाजे लागेनात आणि खराब रस्त्यांमुळे गाड्या पोहोचेनात. सुमारे १० लाख माणसे, म्हणजे तेथील लोकसंख्येचा जवळपास तिसरा हिस्सा, नाहीशी झाली. आधी पावसाने येणे नाकारले, नंतर त्याच पावसाने मदतीची वाट अडवली.

७/
मग त्याआधी देशात हवामानाच्या नोंदी होतच नव्हत्या का? होत होत्या. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली आणि १८४१ पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. पुढे गणित आणि ज्योतिषात नाव मिळवणारे, लोकमान्य टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, तरुणपणी प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली याच वेधशाळेत सहायक होते. मद्रासची वेधशाळा तर त्याहूनही जुनी.

८/
अडचण अशी की या सगळ्या नोंदी म्हणजे वेगवेगळ्या घरांतल्या रोजनिशा होत्या. कुलाब्याच्या वहीत मुंबईचा पाऊस, मद्रासच्या वहीत मद्रासचा. परंतु मुंबईवर पडणारा पाऊस मुंबईत तयार होत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र उठले की त्याची ओढ कोकण किनाऱ्यालाही जाणवते. नोंद एका गावाची असते. हवामान कोणत्याच एका गावाचे नसते. या वह्या एकमेकींशेजारी मांडल्याखेरीज काहीच कळणार नव्हते.

९/
त्या मांडण्यासाठी १८७५ साली भारतीय हवामानशास्त्र विभाग स्थापन झाला. मुख्यालय कलकत्ता, प्रमुख तेच हेन्री ब्लॅनफर्ड. प्रत्येक प्रांताची पद्धत निराळी, उपकरणे निराळी, वेळाही निराळ्या. ब्लॅनफर्ड यांचे पहिले मोठे काम भाकिताचे नव्हते. विस्कळीत आकड्यांना एका ओळीत बसवण्याचे होते. कंटाळवाणे वाटेल, परंतु पुढचे सारे त्यावरच उभे राहिले.

१०/
हे काम किती नाजूक होते ते पाहा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. म्हणून तेथील वायुभारमापक मुंबईच्या तुलनेत साधारण ६० मिलिबार कमी दाखवतो. तो आकडा तसाच नकाशावर टाकला, तर पुण्यावर रोज महाभयंकर वादळ घोंगावत असल्याचे दिसेल! त्यामुळे प्रत्येक ठिकाणची उंची मोजून सगळे आकडे समुद्रसपाटीवर आणावे लागतात. ती उंची चुकली तर नकाशा चुकला.

११/
दुसरी अडचण खास उष्ण कटिबंधाची. येथे हवेचा दाब भरती-ओहोटीसारखा दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास अधिक, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक सुमारे तीन मिलिबारचा. युरोपात एखाद्या वादळासरशी दाब २०-३० मिलिबारने कोसळतो, तेथे एवढ्याशा फरकाला कोणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र ऐन पावसाळ्यात दोन शहरांमधला फरकच एवढा असतो. एकाने दहाला आणि दुसऱ्याने चारला वाचन घेतले, तर अस्तित्वात नसलेले वादळ कागदावर जन्माला येई.

१२/
म्हणजे ‘एकच वेळ’ हवी. पण कोणाची? भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली. तोवर प्रत्येक मोठे शहर आपल्या सूर्यावर घड्याळ लावत होते. ब्रिटिश भारताचा विस्तार कराचीपासून रंगूनपर्यंत, सुमारे २९ रेखांशांचा. रंगूनला सकाळचे आठ वाजतात तेव्हा कराचीच्या सूर्याप्रमाणे सहाच वाजलेले असतात. ‘सकाळी आठ’ हे शब्द एक, क्षण मात्र दोन तासांच्या अंतरावर. एका देशाचे हवामान एका नकाशावर आणायचे, तर आधी काळाचाच हिशेब जुळवावा लागत होता.

१३/
हे आकडे वाचत कोण होते? बरेचदा दवाखान्यातील सहायक, तारमास्तर, शाळामास्तर. पावसाचे माप मामलेदार कचेरीच्या आवारात. तेथील कारकून रोज सकाळी नरसाळ्याखालची बाटली काढून काचेच्या मापात पाणी ओती, आकडा वहीत लिही. सुट्टी नाही, सण नाही. पाऊस नसला तरी शून्य लिहायचेच. दुष्काळाच्या इतिहासात या शून्यांचे मोल फार मोठे आहे. त्या कारकुनांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत.

१४/
विभाग जेमतेम वर्षाचा होतो न होतो तोच १८७६ साली दख्खनवरचा पाऊस फसला. पुढच्या वर्षीही धड आला नाही. मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग, मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद हे सारे होरपळले. या दुष्काळातील बळींचे अंदाज ५० लाखांच्या वर जातात. त्याच काळात १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन यांनी दिल्लीला राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरवला, आणि देशातून धान्याची निर्यातही चालू राहिली.

१५/
दुष्काळी कामांवर खर्च कमी व्हावा म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी घटवली. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर किरकोळ रोकड. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही कामे सोडली. त्यांच्या बाजूने उभी राहिली पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी म्हणजे ‘सार्वजनिक काका’, न्या. रानडे आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला वृत्तान्तामागून वृत्तान्त पाठवले. सार्वजनिक काका दिल्ली दरबारालाही गेले, ते हाताने कातलेल्या खादीच्या वेशात.

१६/
येथे क्षणभर थांबावे. एकाच वेळी या देशात दोन प्रकारच्या नोंदी होत होत्या. एक आकाशाची: दाब किती, वारा कोठून, पाऊस किती इंच. दुसरी माणसांची: भाव काय, गुरे किती विकली, कोण गाव सोडून गेले. पहिली सरकार करत होते. दुसरी सार्वजनिक सभेला सरकारच्या दारात नेऊन ठेवावी लागत होती. पहिली नोंद पीक का बुडाले ते सांगते. माणसे का मेली, हे दुसरीवाचून कळत नाही.

१७/
आकाशाची नोंद सबब म्हणूनही वापरता येते. १८७७ सालीच विल्यम हंटर यांनी मद्रासच्या पावसाचा संबंध सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राशी जोडला, आणि डाग कमी तेव्हा दुष्काळ हा विचार बराच गाजला. तो पुढे टिकला नाही. पण तो टिकला असता, तरी दुष्काळ सूर्याने आणला असे म्हटल्यावर बंदरातून बाहेर जाणाऱ्या धान्याचा जाब कोणाला विचारायचा? विज्ञानाचा इतिहास वाचताना हा प्रश्न जवळ ठेवावा.

१८/
या पार्श्वभूमीवर १८७८ पासून देशाचा दैनिक हवामान अहवाल सिमल्याहून निघू लागला. ठिकठिकाणचे आकडे तारेने येत, ते एकत्र मांडले जात आणि रोज एक पत्रक छापले जाई. आज मोबाईलवर जे चुटकीसरशी दिसते, त्याचा हा पहिला अवतार. ब्लॅनफर्ड यांनी मागचे आकडेही चाळले. त्यांना दिसले की दुष्काळाच्या त्या काळात हवेचा चढा दाब केवळ भारतावर नव्हता. दूर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रदेशात तो पसरला होता. कारण उमगले नाही, पण कोडे किती मोठे आहे ते कळले.

१९/
या कचेरीत भारतीय कारकून होते, अधिकारी नव्हते. १८८५ साली रुजू झालेले रुचिराम साहनी हे अधिकारपदावरील पहिले भारतीय. दैनिक अहवालाचे काम त्यांच्याकडे असे. (पुढे ते लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले; वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी हे त्यांचे पुत्र.) त्याच वर्षी सप्टेंबरात ओडिशाच्या फॉल्स पॉइंटला चक्रीवादळ धडकले. तेथील दीपगृहातील वायुभारमापक सुमारे ९१९ मिलिबारपर्यंत उतरल्याची नोंद आहे. डोक्यावरून वादळाचा डोळा जात असताना कोणीतरी कर्तव्य म्हणून हा आकडा वाचला होता.

२०/
रोजचा अहवाल हाती आला की मोह होतो तो उद्याचा, आणि मग पुढच्या हंगामाचा. हिमालयात बर्फ अधिक पडले तर मोसमी पाऊस कमी पडतो, असे ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली मांडले. १८८६ पासून त्या आधारे संपूर्ण देशासाठी हंगामी अंदाज दिले जाऊ लागले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी ही पद्धत वाढवली. पण १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाची अपेक्षा व्यक्त केली, आणि आले ते शतकातील एक भीषण अवर्षण. गुजरात-राजस्थानात संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून आजही आठवले जाते, तेच हे.

२१/
या अपयशानंतर १९०४ साली सूत्रे आली गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे. हवामानशास्त्राचा पूर्वानुभव शून्य. पण केंब्रिजचे अव्वल गणिती, शिवाय बूमरँग फेकण्याचे वेडे. तर्कांवर विसंबण्याऐवजी त्यांनी आकड्यांनाच बोलते करायचे ठरवले. जगभरच्या ठाण्यांचे दाब, तापमान, पाऊस घेऊन प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध तपासायचा. यंत्र नव्हते, भारतीय गणनिकांची फौज कागद-पेन्सिलीने वर्षानुवर्षे आकडेमोड करत राहिली.

२२/
त्या ढिगातून १९२० च्या दशकात एक प्रचंड तराजू वर आला. एक पारडे पॅसिफिकच्या दक्षिणेकडील भागात, दुसरे हिंदी महासागर आणि इंडोनेशियाच्या बाजूला. एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे उतरतो. वॉकर यांनी याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. मराठीत आपण ‘दक्षिणी दोलन’ म्हणू. १९६९ साली ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड पॅसिफिकच्या तापलेल्या पाण्याशी, म्हणजे एल निनोशी घातली. १८७७ चा एल निनो आता ज्ञात इतिहासातील सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक मानला जातो. ब्लॅनफर्ड यांना दिसलेल्या त्या दूरवरच्या चढ्या दाबाचा अर्थ असा जवळपास नव्वद वर्षांनी लागला.

२३/
वॉकर यांना मोसमी पावसाचे खात्रीचे भाकीत मात्र कधीच साधले नाही. शोधायला निघाले कोकण-दख्खनचा पाऊस आणि हाती लागली पृथ्वीच्या वातावरणाची एक नाडी. जगाच्या हवामानशास्त्राला मिळालेली ही देणगी मामलेदार कचेरीतल्या त्या अनाम शून्यांवर उभी होती, हे विसरू नये.

२४/
आता सिमल्याकडे वळू. विभागाचे मुख्यालय १९०५ साली कलकत्त्याहून सिमल्याला गेले होते. १९२८ साली ते सिमल्याहून पुण्यात, शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत आले. पुणेकरांनी कचेरीचे लांबलचक नाव बाजूला ठेवले आणि ती आली त्या गावाचे नाव तिला देऊन टाकले. मुख्यालय १९४४ साली दिल्लीला गेले, पण पुण्यातले मोठे कार्यालय राहिले आणि नावही राहिले. केरळच्या अण्णा मणी १९४८ साली याच पुण्याच्या कार्यालयात रुजू झाल्या. परदेशी उपकरणांवरचे अवलंबित्व मोडण्यासाठी त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. पर्जन्यमापक येथेच घडू लागला.

२५/
आणि ते ‘तुरळक ठिकाणी’? आपण त्या शब्दांची थट्टा करतो, पण ते मोजलेले शब्द आहेत. विभागातील जास्तीत जास्त २५ टक्के ठाण्यांवर पाऊस, म्हणजे तुरळक. त्याहून अधिक आणि ५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे काही ठिकाणी. ७५ टक्क्यांच्या वर गेला की बहुतांश ठिकाणी. दिवसाचा पाऊस मोजायचा तो आदल्या सकाळी साडेआठपासून आजच्या सकाळी साडेआठपर्यंत. साडेआठच का? कारण तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार तीन वाजतात आणि जगभरची ठाणी त्याच क्षणी आपापली उपकरणे वाचत असतात. क्षण एक करण्याचा तो जुना प्रश्न असा सुटला.

२६/
शेवटी पुन्हा ओडिशा. ऑक्टोबर १९९९ मध्ये महाचक्रीवादळ आले. उपग्रह होते, इशारेही होते. पण किनाऱ्यावर पक्के निवारे मोजकेच होते. सुमारे १० हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवण्यात आले. मृत्यू पन्नासहून कमी. चौदा वर्षांत अंदाज सुधारले, हे खरेच. पण निवारे बांधले गेले, गावोगावी सराव झाला आणि इशारा ऐकून दारापर्यंत जाणारी माणसे तयार झाली. आकाशाची नोंद आणि माणसांची नोंद प्रथमच इतक्या जवळ आल्या.

२७/
म्हणून पुढच्या वेळी ‘हवामान खात्याचा अंदाज चुकला’ असे म्हणताना १८६४ आणि १८७७ आठवावेत. अंदाज कधी चुकतील, कधी बरोबर येतील. बरोबर आलेल्या अंदाजाचे आपण काय केले, हा प्रश्न तेवढाच जुना आहे. आपल्या तालुक्याच्या कचेरीत गेलात, तर आवारात पर्जन्यमापक दिसतो का पाहा. दिसला तर क्षणभर थांबा. त्याच्या वहीतली कोरड्या दिवसांची शून्ये आजही कोणीतरी लिहीत असेल.

धागा समाप्त. आपल्या गावच्या पावसाच्या जुन्या नोंदी घरात किंवा कचेरीत पाहिल्या असतील, तर खाली जरूर लिहा.